गिटारची साथ: जॉन मॅक्लॉफ्लिन श्रवणसत्राच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वाचनालयाने ५ जानेवारीची संध्याकाळ दिली. साडेपाच ते साडेसात, ठाण्यातलं तळमजल्याचं सभागृह, ऐंशी खुर्च्या. इंग्रज जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन ४ जानेवारीला ८३ वर्षांचा होईल, म्हणजे मुहूर्त एका दिवसाने पुढे, पण रविवार आहे.

कामाची वाटणी झाली. निवड आणि निवेदन माझ्याकडे. यंत्रणा आणि गिटारचं प्रात्यक्षिक मित्राकडे. तो गिटार शिकवतो, मी तबला. कार्यवाह काकांना एकच शंका होती. "ताई, आमचे सभासद अभंग, नाट्यसंगीत ऐकणारे. हे गिटारचं प्रकरण त्यांना झेपेल?" मी म्हटलं, "काका, झपताल झेपतो, सवारी झेपते, तर हेही झेपेल. फक्त मोजायला कुठून सुरुवात करायची ते आपण सांगू."

आजच एक नियम ठरवला: शक्य तिथे मैफलीतलं ध्वनिमुद्रण घ्यायचं, स्टुडिओतलं अगदी नाइलाज असेल तरच. या माणसाची खरी ओळख समोर श्रोते आणि शेजारी साथीदार असतानाच होते, असं माझं मत आहे. बघू, टिकतं का.

१३ ऑक्टोबर

नियम पहिल्याच पायरीला मोडला. सुरुवात 'एक्स्ट्रापोलेशन'नेच करायला हवी आणि ते लंडनच्या स्टुडिओतलं आहे, जानेवारी १९६९ चं. जॉन सरमन सॅक्सोफोनवर, टोनी ऑक्स्ली ड्रम्सवर, ब्रायन ऑजेस बेसवर. मॅक्लॉफ्लिन सत्तावीस वर्षांचा होता आणि स्वतःच्या नावावरची ही पहिलीच तबकडी.

त्याआधीची दहा वर्षं दोन मिनिटांत सांगायची आहेत. जन्म यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरचा, आई व्हायोलिन वाजवायची, गिटार अकराव्या वर्षी हातात आली. कानात आधी ब्लूज, मग जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट. लंडनला आल्यावर जॉर्जी फेम, ग्रॅहम बाँड, ब्रायन ऑगर यांच्याकडे वाजवणं आणि दिवसा पोटासाठी स्टुडिओत इतरांच्या गाण्यांवर गिटार. ग्रॅहम बाँडच्या वाद्यवृंदात शेजारी जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर होते. पुढे जगभर गाजलेल्या जिमी पेजला त्याने त्या काळात काही धडेही दिले.

हे सांगायचं कारण नावं मोजणं नाही. दहा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मागे वाजवत होता. आपल्याकडे ज्याला साथीला बसणं म्हणतात ते त्याने पोट भरण्यासाठी केलं आणि त्यातून कान तयार झाला. सत्राचा धागा मला इथेच सापडल्यासारखा वाटतोय. वेग, दोन मानांची गिटार, गुरू, पांढरे कपडे हे सगळं लोकांना माहीत असतं. साथीचं कोणी बोलत नाही.

निवड: 'आर्येन्स बॅग'. अकरा मात्रांचं आवर्तन, तरी ऐकताना चालत गेल्यासारखं सहज. हीच चाल पुढे 'फॉलो युवर हार्ट' या नावाने त्याने पुन्हा वाजवली. ते श्रोत्यांना सांगायचं, म्हणजे बंदिश एकच आणि मांडणी वेगळी हे आपल्या लोकांना लगेच कळेल.

२० ऑक्टोबर

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस. त्याची 'इन अ सायलेंट वे' ही तबकडी, १८ फेब्रुवारी १९६९. मॅक्लॉफ्लिन नुकताच न्यू यॉर्कला उतरला होता, ड्रमर टोनी विल्यम्सच्या 'लाइफटाइम' या संचासाठी. गिटार येतच नसल्यासारखी वाजव, असं माइल्सने सुचवल्याची आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. सुरुवातीला साधा स्वरसंच सुटा सुटा करून हळूच सोडलाय, त्यात घाई नाही की कसब दाखवणं नाही. तीन मिनिटं पुरेत. पुढच्या 'बिचेस ब्रू' या तबकडीत तर एका तुकड्याला माइल्सने त्याचंच नाव दिलंय. निवेदनात एक वाक्य.

२७ ऑक्टोबर

महाविष्णू ऑर्केस्ट्रा. आज पाच तास गेले आणि एकही मिनिट वाया गेलं नाही.

१९७१ साली उभा राहिलेला हा पाच जणांचा संच: मॅक्लॉफ्लिन, ड्रम्सवर पनामात जन्मलेला बिली कोबम, कीबोर्डवर प्राग सोडून आलेला यान हॅमर, बेसवर आयरिश रिक लेअर्ड, व्हायोलिनवर अमेरिकेचा जेरी गुडमन. मूळचा संच १९७३ संपता संपता फुटला. मधल्या काळात दोन स्टुडिओ तबकड्या आणि एक मैफलीची. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत त्यांनी तिसरी ध्वनिमुद्रित केली होती, पण रचना कोणाच्या घ्यायच्या यावरून संचात बिनसलं होतं आणि ती बाजूला पडली. ती बाहेर यायला १९९९ साल उजाडलं. तिच्याऐवजी तेव्हा निघाली ती न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली ऑगस्ट १९७३ ची मैफल.

म्हणजे त्याच रचना, दोन महिन्यांच्या अंतराने, एकदा बंद खोलीत आणि एकदा उघड्या मैदानात. माझ्या नियमाची यापेक्षा चांगली परीक्षा नाही. 'ड्रीम' दोन्हीकडे लागोपाठ ऐकलं. ट्रायडंटमध्ये साधारण अकरा मिनिटं, सेंट्रल पार्कमध्ये एकवीसहून थोडं अधिक. वाढलेली दहा मिनिटं निव्वळ लांबवलेली असतील अशी शंका होती, म्हणून वही घेऊन बसले. तसं नाही. मैदानात गिटार आणि ड्रम्स दोघंच उरतात आणि एकमेकांना प्रश्न टाकायला लागतात. कोबम एखादा तुकडा उचलतो, मॅक्लॉफ्लिन तो पुरा होऊ देत नाही, मध्येच तोडून पुढचा देतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबात एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने तसंच उमटवायचं असा शिरस्ता असतो. इथे जवाब अर्ध्या सवालावरच येतो. पहिल्यांदा ऐकताना धसका बसतो आणि तिसऱ्यांदा ऐकताना कळतं, की दोघंही आवर्तन मनात घट्ट धरून आहेत, म्हणून हे शक्य आहे.

एकवीस मिनिटं देता येणार नाहीत. सात घेणार, फक्त दोघांचा भाग. अर्ध्यावर तोडताना जिवावर येतंय.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भावाकडे जाताना लोकलमध्ये महाविष्णूचं 'द डान्स ऑफ माया' मोजत गेले. गिटारचा तुकडा दहा मात्रांचा. पण झपतालाची दोन-तीन-दोन-तीन ही विभागणी आधी डोक्यातून काढून टाकावी लागते, नाहीतर कल्याणपर्यंत सम हाती लागत नाही. मधे वीस मात्रांत एक रांगडा ब्लूज सुरू होतो आणि शेवटी पहिला तुकडा त्याच्यावर येऊन बसतो. दहाची दोन आवर्तनं म्हणजे वीसचं एक. साधा हिशोब, पण तो बसतो तेव्हा अंगावर काटा येतो. हे श्रोत्यांकडून टाळीवर करून घ्यायचं.

१० नोव्हेंबर

गिटारच्या प्रात्यक्षिकाची तयारी. 'शक्ती' या भारतीय वादकांबरोबरच्या संचासाठी मॅक्लॉफ्लिनने जी गिटार करून घेतली ती आपल्या श्रोत्यांना डोळ्यांनी दाखवायला हवी, नुसतं वर्णन पुरणार नाही. एब्राहम वेश्टर या कारागिराच्या हातची ती गिब्सन. दोन गोष्टी वेगळ्या: पडद्यांच्या मधलं लाकूड खरवडून खोलगट केलेलं आणि मुख्य सहा तारांच्या खालून, तोंडावरून तिरक्या गेलेल्या आणखी सात तारा.

मित्राने स्वतःची एक जुनी गिटार यासाठी बळी दिली. वरच्या पाच पडद्यांमधलं लाकूड गोल कानशीने आणि मग पॉलिश पेपरने महिनाभर थोडं थोडं काढलं होतं. आज तार चढवली. मी बोट ठेवलं. नेहमीच्या गिटारवर तार दाबली की बोटाला खाली लाकूड लागतं आणि बोट तिथे थांबतं. इथे खाली काहीच नाही. तार तेवढी बोटाखाली, आणि तिच्यावरचा भार किंचित वाढवला की स्वर वर सरकतो. बाजूला खेचली तर सरळ दीड-दोन स्वरांची मींड. मित्र म्हणाला, "आता हात चुकायला जागाच नाही. जरा जोर जास्त झाला की बेसूर." सतार शिकलेल्याला हे जन्मापासून ठाऊक असतं, गिटारवाल्याला नव्याने शिकावं लागतं. मॅक्लॉफ्लिनने त्याआधी वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते, म्हणजे तो गमक आधी कानाने आणि हाताने शिकला आणि मग त्यासाठी वाद्य बदललं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तिरक्या सात तारा आम्हाला जमल्या नाहीत. घोडीची जागा चुकली आणि पहिल्याच ताणात ती उखडली. प्रात्यक्षिक फक्त खोलगट पडद्यांचं. तारांसाठी सतारीच्या तरफांचा दाखला द्यायचा, आणि फरकही सांगायचा: तो त्या तारा नुसत्या घुमू देत नाही, मधूनच हात फिरवून छेडतोही.

२० नोव्हेंबर

मतदान. सभागृह केंद्र म्हणून घेतलंय, चाचणी रविवारवर गेली.

२४ नोव्हेंबर

सभागृहातली पहिली चाचणी, आणि ती बिघडली. भाड्याने आणलेल्या यंत्रणेत सतत घूं असा आवाज. अर्धा तास आम्ही तबकडीवर संशय घेतला, सुई पुसली, वायरी बदलल्या. शेवटी कळलं की भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नाही. व्यासपीठाच्या मागच्या प्लगवर जोडल्यावर थांबलं. नोंद: ५ तारखेला तोच प्लग, दुसरा नाही.

दुसरी अडचण मोठी. महाविष्णू जरा मोकळ्या आवाजात लावल्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतली मुलं खाली आली. रागावली नव्हती, पण त्यांच्या परीक्षा आहेत. काकांनी ५ तारखेला अभ्यासिका साडेपाचला बंद ठेवायचं कबूल केलं. तरीही बेस कमी करणारच. या खोलीत छत ठेंगणं आहे आणि रिक लेअर्डचा बेस भिंतींवर आपटून गिटारचे शब्द खाऊन टाकतो.

पंखे बंद ठेवून 'लोटस फीट' लावलं. १९७५ च्या जुलैमध्ये लाँग आयलंडवरच्या एका महाविद्यालयात झालेली ती मैफल, 'शक्ती'ची पहिली तबकडी. एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम, आर. राघवन यांचा मृदंगम. पहिल्या बाजूवर अठरा मिनिटांचं 'जॉय' धावत सुटतं आणि त्याच्यामागे पावणेपाच मिनिटांचं हे. पंखे बंद असल्याने घटमावरचं बोटाचं टोकसुद्धा ऐकू आलं. वर गेलेली दोन मुलं दारात परत येऊन उभी राहिली.

१ डिसेंबर

आज लंडनचं रॉयल फेस्टिव्हल हॉल. नोव्हेंबर १९८९. तिघंच: मॅक्लॉफ्लिन, बेसवर काय एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. त्रिलोक मुंबईचा, शोभा गुर्टूंचा मुलगा. आपल्या श्रोत्यांपुढे ते नाव घेतलं की पुढचं अर्धं काम झालंच.

त्रिलोक बसतो तो जमिनीलगत, गुडघा टेकून. समोर तबला, ड्रम, झांजा, घंटा, आणि एक पाण्याची बादली. घंटा किंवा झांज वाजवून पाण्यात बुडवली की तिचा स्वर लवतो, खाली घसरतो आणि बाहेर काढताना वर चढतो. मुलांना वर्गात करून दाखवलं: स्वयंपाकघरातली पितळी ताटली आणि बादली. ताटली नुसती धरली तर दबते, दोरीला टांगून बुडवली तर छान लवते. दोरी हवी, हे लिहून ठेवते.

इथे मॅक्लॉफ्लिन नायलॉनच्या तारांची गिटार वाजवतो. त्रिलोक तोंडाने बोल म्हणायला लागला की गिटार त्याच्याखाली नुसता पाया धरते. लेहरा धरणाऱ्या सारंगियाचं काम. नाव मोठं कोणाचं आहे, याचा तिथे पत्ताच लागत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची १९८० ची तीन गिटारींची मैफल वगळतेय. मित्राला वाईट वाटलं. पण ती सगळ्यांनी ऐकलेली आहे आणि तिच्यात शर्यत जास्त आहे.

८ डिसेंबर

'शक्ती' पुन्हा जमली ती इंग्लंडमध्ये, सप्टेंबर १९९७ च्या दौऱ्यात. त्याच मैफलींतून 'रिमेंबर शक्ती' निघाली: झाकीरभाई, विक्कूजी आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. पुढे मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, विक्कूजींच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला. डिसेंबर २००० मध्ये हा संच मुंबईत वाजला, 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. शिवकुमार शर्मा, शंकर महादेवन, शिवमणी, झाकीरभाईंचे धाकटे भाऊ तौफिक आणि फजल. डॉनकास्टरचा गिटारवाला स्वतःच्या नावाच्या तबकडीवर शिवजींच्या संतूरला वीसेक मिनिटांहून जास्त जागा सोडून देतो. त्या 'शृंगार'मधली सहा मिनिटं घ्यायची.

यादी आता अकरा तुकड्यांची, एकूण चौऱ्याहत्तर मिनिटं. निवेदनाला चाळीस. जमेल.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री फोन सुरू झाले. आधी गेले म्हणून, मग नाही, अत्यवस्थ आहेत म्हणून. रात्रभर जीव टांगणीला. आज सकाळी खरं ठरलं. झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोला गेले. त्र्याहत्तर वर्षांचे.

आज तबल्याचा वर्ग घेतला. मुलांनी तीनतालाचा ठेका वाजवला, नुसता ठेका, पाऊण तास.

काम काही नाही.

२२ डिसेंबर

बैठक. सूचना आली की विषय बदलावा, दोन तास झाकीरभाईंचं तबलावादन ऐकवावं, लोकांची तीच अपेक्षा असेल. भावना खरी आहे. मला मात्र पटलं नाही आणि तसं मी सांगितलं. आदरांजलीचे कार्यक्रम या महिन्यात गावोगावी होतील आणि व्हायलाच हवेत. पण जवळजवळ पन्नास वर्षं त्यांच्या शेजारी बसलेला एक माणूस आहे. त्याच्या बाजूने ऐकलं तर तबल्यातलं असं काही ऐकू येतं, जे एकल वादनात येत नाही: झाकीरभाई थांबतात कुठे, दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत हात कसे धरून ठेवतात, आणि दाद देताना एक हलकी थाप कशी सोडतात. साथ करणारा दुसऱ्या साथ करणाऱ्याला ओळखतो. हेच तर या सत्राचं सूत्र आहे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, विषय तोच ठेवा. शेवट तेवढा बदला."

शेवटी 'लोटस फीट' होतं. घरी येऊन 'रिमेंबर शक्ती'ची दुसरी सीडी लावली. पहिला तुकडा तासाभराहून मोठा 'मुक्ती'. त्याच्यामागे पावणेनऊ मिनिटांची मॅक्लॉफ्लिनची स्वतःची रचना. ती त्याने आधी 'मेकिंग म्युझिक' या झाकीरभाईंच्या १९८७ च्या तबकडीवर वाजवली होती. नाव 'झाकीर'. हळुवार, संथ. मित्रासाठी मित्राने केलेली चाल, त्याच्या हयातीत. शेवट हाच.

२९ डिसेंबर

रॉनी स्कॉट्स. लंडनच्या सोहोमधला तो छोटा जॅझ क्लब, मार्च २०१७. तरुणपणी ज्या शहरात दुसऱ्यांच्या मागे वाजवलं तिथे पंचाहत्तरीत स्वतःचा संच घेऊन. ड्रम्सवर मुंबईचा रणजित बारोट, सितारादेवींचा मुलगा. त्या काळात मॅक्लॉफ्लिनचे हात संधिवाताने दुखत होते आणि त्याच वर्षी अमेरिकेचा निरोपाचा दौरा जाहीर झाला होता. या मैफलीतल्या 'माइल्स बियाँड'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली. मूळ महाविष्णूच्या १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर'मधलं. जुनं आणि नवं लागोपाठ लावायचं, दीड-दीड मिनिट. नव्यात स्वर कमी आहेत आणि श्वास जास्त.

इंग्रज रॉक गिटारवादक जेफ बेकचा उल्लेख इथेच. त्याचीही २००७ ची गाजलेली मैफल याच क्लबातली. १९७५ साली तो महाविष्णूबरोबर दौऱ्यावर होता. ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७४ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह महाविष्णूची 'अपोकॅलिप्स' केली आणि लगेच बेकची 'ब्लो बाय ब्लो'. दोन मिनिटं, जास्त नाही, नाहीतर बेक सगळी संध्याकाळ घेऊन जाईल.

'शक्ती'चा २०२३ चा सुवर्णमहोत्सवी दौरा आणि तिच्या 'धिस मोमेंट' या तबकडीला या वर्षी फेब्रुवारीत मिळालेली ग्रॅमी हे 'झाकीर'च्या आधी, साध्या शब्दांत. लिहून काढलंय. वाचताना आवाज अडखळतोय, म्हणून मोठ्याने रोज एकदा.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाच वाजता खुर्च्या भरल्या, मागे चटया घातल्या. प्लग बरोबर. घूं नाही.

'आर्येन्स बॅग'ला लोक अंदाज घेत होते. 'डान्स ऑफ माया'च्या टाळ्या पहिल्या खेपेला विस्कटल्या, दुसऱ्या खेपेला पुढच्या दोन रांगांनी धरल्या, तिसऱ्या खेपेला दहाची दोन आवर्तनं वीसवर येऊन पडली आणि सभागृहातून एकच हुंकार निघाला. भजनी मंडळातल्या एक आजी टाळी न चुकता शेवटपर्यंत देत होत्या. बादलीतल्या ताटलीला मुलांची टाळी. खोलगट पडद्यांच्या गिटारवर मित्राने मारव्यातला कोमल रिषभ खेचून दाखवला, तेव्हा समोरचे एक वयस्क सतारिये उठून वाद्याजवळ आले आणि त्यांनी स्वतः तार दाबून पाहिली. सात मिनिटं त्यातच गेली. 'शृंगार'मधून दोन मिनिटं कापली.

'झाकीर'च्या आधीचं निवेदन पार पडलं. पंखे बंद केले. चाल संपल्यावर मी ध्वनियंत्र लगेच बंद केलं नाही; मुद्रणातल्या श्रोत्यांच्या टाळ्या विरेपर्यंत चालू ठेवलं. आमच्याकडे कोणी टाळी वाजवली नाही. लोक खुर्च्यांचा आवाज न करता उठले.

६ जानेवारी

यंत्रणा परत दिली. हिशोब काकांकडे. मित्र सात तारांची घोडी नव्याने बसवणार आहे, या वेळी मिरजेला एका वाद्य कारागिराला दाखवून.

दुपारी काकांचा फोन. वाटलं, प्लगच्या दुरुस्तीचं काही असेल. म्हणाले, "ताई, तुम्ही ते 'ड्रीम' मधेच तोडलंत. एकवीस मिनिटांचं आहे म्हणालात ना? पूर्ण कधी ऐकवणार? २ फेब्रुवारीला सभागृह रिकामं आहे."

२ फेब्रुवारी लिहून घेतली. साडेपाच. अभ्यासिकेच्या मुलांना आधी विचारायचं.